लाँड्रीच्या व्हॅनचे नवे दिवे

मित्रांनो, मी एक जुनी, निळ्या रंगाची व्हॅन आहे. एका लाँड्रीच्या शेजारच्या बोळात माझी जागा आहे. इतर गाड्यांना तेलाचा आणि पेट्रोलचा वास येतो, मला मात्र साबणाचा आणि गरम इस्त्रीचा येतो. त्याचा मला थोडा गर्वही आहे.

लाँड्रीचे मालक अण्णा मला विकत घ्यायला आले तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते. त्यांनी माझं इंजिन पाहिलं नाही की चाकांना लाथ मारली नाही. मागचं दार उघडून ते सरळ आत आडवे झाले, हातपाय पसरून पाहिले आणि विकणाऱ्याला म्हणाले, "गाठोडी मावतील. घेतली."

तेव्हापासून मी चादरी वाहते. गावातल्या रुग्णालयाच्या मळक्या चादरी, अभ्रे आणि पडदे आम्ही दुपारी उचलून आणतो. ते धुऊन, वाळवून, इस्त्री होऊन मोठाल्या गाठोड्यांत बांधले जातात आणि उजाडायच्या आत परत पोचवावे लागतात, कारण सकाळ झाली की तिथल्या खाटा बदलतात. स्वच्छ चादरीवर पाठ टेकली की आजारी माणसाला निम्मं बरं वाटतं, असं अण्णा म्हणत. रुग्णालयाच्या फाटकात माझा आवाज आला की तिथल्या थोरल्या नर्सबाई म्हणायच्या, "आली गं आपली निळी. चला, झाला दिवस सुरू." अशी शाबासकी मिळाली की मला चढावसुद्धा सपाट वाटे.

पण कौतुकाची वर्षं भराभर जातात. ऊन, धूळ आणि पाऊस खाऊन माझ्या पुढच्या दोन्ही दिव्यांची तोंडं पिवळी पडली. त्यांना सगळे काच म्हणतात खरे, पण ते असतं प्लास्टिक. ते हळूहळू धुरकट होत गेलं आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही. रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही, मित्रांनो. तुमच्या आईला तुमची उंची वाढलेली दिसत नाही, ती पाहुण्यांना दिसते, तसंच हे.

अण्णा मान पुढे काढून गाडी हाकू लागले. एकदा रुग्णालयाचं फाटक ओलांडून पुढे गेले. एकदा तर रस्त्याच्या कडेला झोपलेला पांढरा कुत्रा त्यांना आपलंच पडलेलं गाठोडं वाटला. ते उचलायला खाली उतरले आणि कुत्रा भुंकला तसे धावत परत आले.

ही गोष्ट त्यांनी लाँड्रीमागच्याच घरी हसत हसत सांगितली, पण त्यांची लेक हसली नाही. लाँड्रीचा सगळा कारभार आता तीच बघते.

"अण्णा, तुमचे डोळे गेलेत," ती म्हणाली. "पहाटेची फेरी बंद करा. आपण बाहेरची गाडी लावू."

"डोळे गेलेत? मग आजच्या भाजीत मीठ जास्त पडलंय ते मला बरं दिसलं."

"मीठ दिसत नाही अण्णा, ते चवीला लागतं. आज कुत्रा होता, उद्या माणूस असला तर?"

काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, इतका वेळ गुंड्या शिवत होत्या. त्या म्हणाल्या, "आधी डोळे दाखवून या. मग भांडा पोटभर."

मी बोळात उभी राहून सगळं ऐकत होते. पहाटेची फेरी सुटली तर अण्णा घरी बसतील आणि मी भंगारात जाईन, हे मला कळत होतं. आणि लेकीचं चुकत होतं असंही नाही. मला स्वतःलाच पुढचा रस्ता धड दिसत नव्हता.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी अण्णांना अक्षरं वाचायला लावली, डोळ्यांत विजेरीचा उजेड पाडून तपासलं. चष्मा ठीक, डोळे ठीक. अण्णा गोंधळून बाहेर आले. दिवस मावळला होता. डॉक्टरीणबाईही दवाखाना बंद करून निघाल्या होत्या. अण्णांनी मला चालू केलं तशा त्या माझ्यासमोर थबकल्या.

"आजोबा, दिवे लावा की."

"लावलेत ना."

त्या वाकल्या, माझ्या दिव्यावर नखाने टकटक केलं आणि हसू लागल्या. "मोतीबिंदू झालाय खरा, पण तो हिला झालाय."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. मला बनवणाऱ्या कंपनीने माझ्यासारखे दिवे करणं कधीच सोडून दिलं होतं. अण्णांना वाटलं, जुन्याच दिव्यात जोरदार बल्ब घातला की भागेल.

"नको अण्णा," मिस्त्री म्हणाले. "ह्या दिव्याची आतली चकचकीत वाटी जुन्या बल्बच्या मापाची आहे. त्यात भलता बल्ब कोंबला की उजेड वाटेल तिकडे सांडतो. हिच्या मापाचा पूर्ण जोड बाजारात मिळतो. दुसऱ्या कारखान्याचा आहे, पण चांगला आहे."

मग नवा जोड आला. त्याचे कान, म्हणजे स्क्रू बसवायच्या कडेच्या पट्ट्या, थोडे घासावे लागले तेव्हा तो खोबणीत बसला. आतल्या वायरी वाळून कडक झाल्या होत्या, त्याही मिस्त्रींनी बदलल्या. मला बोळातल्या भिंतीसमोर उभं करून त्यांनी भिंतीवर खडूने आडवी रेघ मारली आणि दिव्यामागचा स्क्रू फिरवून उजेडाची वरची कड बरोबर रेघेखाली आणली. मी पाहिलं तर भिंतीची वीट न् वीट दिसत होती. मला अगदी नव्याने जन्मल्यासारखं वाटलं.

पण तो आनंद पहिल्याच फेरीपुरता ठरला. पेपर टाकणाऱ्या मावशी सकाळी सायकल ढकलत लाँड्रीत आल्या. साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली आणि हातात ओले पेपर.

"कोण चालवतं ही गाडी?" त्यांनी विचारलं. "समोरून आली आणि माझ्या डोळ्यांपुढे नुसतं पांढरं. थेट गटारात उतरले मी. आता हे पेपर लोकांना काय पिळून देऊ?"

लेकीने त्यांना बसायला स्टूल दिलं, पाय धुवायला पाणी दिलं आणि पेपर एकेक करून इस्त्रीखाली घातले. वाफ निघत होती. इस्त्री फिरवता फिरवता ती म्हणाली, "अण्णा, आधी तुम्हाला दिसत नव्हतं. आता समोरच्याला दिसत नाही. मी उद्यापासून दुसरी गाडी सांगते."

अण्णांनी चावी काढून टेबलावर ठेवली. त्या चावीचा एवढा मोठा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

काकूंनी मात्र मिस्त्रींना बोलावणं धाडलं. ते आले, बोळावर ताडपत्री ओढून अंधार केला आणि मला पुन्हा भिंतीसमोर उभं केलं. उजेड रेघेखालीच होता.

"दिवे बरोबर आहेत," मिस्त्री म्हणाले.

"म्हणजे मी हौसेने गटारात उतरले?" मावशींनी विचारलं.

दोघंही खरं बोलत होते, मित्रांनो, आणि त्याचं कारण मला माहीत होतं. पण गाडीला हॉर्न असतो, तोंड नसतं.

हा वाद ऐकून ऐकून काकू दमल्या. माझं मागचं दार उघडं होतं. तिथे त्या टेकल्या आणि म्हणाल्या, "माझं ऐकाल का जरा?" पण काय ते सांगायच्या आधीच भिंतीवरचा उजेड रेघ ओलांडून वर सरकला.

मिस्त्री बघतच राहिले. "काकू, उठा बघू."

काकू उठल्या. उजेड खाली आला.

"आता बसा."

काकू बसल्या. उजेड पुन्हा वर.

"माझ्या वजनाची चेष्टा चाललीय का?" काकूंनी विचारलं.

"चेष्टा नाही काकू, चूक माझी आहे," मिस्त्री कपाळावर हात मारून म्हणाले. "मी दिवे रिकाम्या गाडीवर लावले, पण ही पहाटे रिकामी कुठे असते? हिचे मागचे पाटे, म्हणजे वजन झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या, थकलेत. गाठोडी चढली की शेपूट बसते, नाक वर होतं आणि उजेड लोकांच्या डोळ्यांत जातो. भरल्या गाडीवर लावायला हवे होते."

पण भरायचं कशाने? चादरी रुग्णालयात पोचल्या होत्या आणि नवं धुणं अजून दोरीवर होतं. काकू म्हणाल्या, "माणसं काय कमी आहेत?" त्या स्वतः आत जाऊन बसल्या. अण्णा बसले. लाँड्रीत कामाला असलेल्या इस्त्रीवाल्या दोघी बसल्या. पेपरवाल्या मावशीही चढल्या. "गटारात मी पडले, तर हे नीट झालेलं मीच बघणार," असं म्हणत त्या काकूंना खेटून बसल्या. शेवटी लेक उरली.

"ये गं," अण्णा म्हणाले. "तुझ्याशिवाय वजन पुरं होत नाही."

तिने हात पुसले. मग आली आणि अण्णांच्या शेजारी बसली. माझे पाटे करकरले. इतकं गोड ओझं मी उभ्या आयुष्यात वाहिलं नव्हतं. मिस्त्रींनी स्क्रू फिरवला आणि उजेड हळूहळू उतरून रेघेखाली स्थिर झाला. "आता अधूनमधून पाट्यांकडेही बघा," ते म्हणाले, आणि ते कामही अण्णांनी त्याच आठवड्यात करून घेतलं, मग दिवे पुन्हा भरल्या गाडीवर जुळवून घेतले.

दुसऱ्या पहाटे लेक स्वतः अण्णांच्या शेजारी बसली. चावी अण्णांना देताना ती म्हणाली, "आजचा दिवस. मी बघणार, मग ठरवणार." वाटेतला खड्डा मला लांबूनच दिसला आणि अण्णांनी तो अलगद चुकवला. पुढे वळणावर समोरून सायकल आली. लेक पुढे वाकली. पेपरवाल्या मावशींनी डोळ्यांवर हात धरला नाही की सायकलही थांबवली नाही. त्या सरळ आमच्या बाजूने पुढे गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "आज कोरडी आहे हो मी."

लेक मागे रेलून बसली. म्हणाली, "अण्णा, उद्या मी येत नाही. सकाळी जरा झोपीन म्हणते."

अण्णा रुग्णालयापर्यंत शीळ वाजवत गेले.

तर मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी जुनी गाडी असेल तर कधीतरी तिच्यासमोर उभं राहून तिच्या दिव्यांकडे बघा. ते ओल्या फडक्याने पुसा, पिवळे पडले असतील तर मोठ्यांना सांगा. नवे बसवलेत तर ते भरल्या गाडीवर जुळवून घ्यायला लावा. आणि एक विनंती आहे. एखाद्या पहाटे मी समोरून आले आणि माझ्या उजेडाने तुमचे डोळे दिपले, तर संकोच न करता हात वर करा. मला रस्ता दिसतो, झाडं दिसतात, तुम्हीही दिसता. पण माझा उजेड समोरून कसा दिसतो, ते मला तुम्हीच सांगायला हवं.