पडद्यावर न आलेली ओळ

"ही शेवटची ओळ कुणी सांगितली तुम्हाला?" मोठ्या डॉक्टर मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

काळ्या खिडकीवाल्याने की-बोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "मीच घातली, मॅडम."

रुग्णालयात सगळे त्याला याच नावाने ओळखत. दर आठवड्याला डॉक्टरांची बैठक भरे, दगावलेल्या रुग्णांवर चर्चा होई आणि तिथे पडद्यावर दाखवायच्या स्लाइड्स हा कारकून बनवी. बाकीचे लोक एक स्लाइड करायची म्हणजे रंग, चौकटी आणि घिरट्या घालत येणारी अक्षरं यांत अर्धा दिवस घालवत. याचं तसं नव्हतं. हा कॉम्प्युटरवर एडिटरची काळी खिडकी उघडून सरळ साधा मजकूर टाइप करी. ओळीआधी एक खूण केली की मथळा, तीन आडव्या रेघा मारल्या की पुढची स्लाइड. शेवटी एक बटण दाबलं की सगळ्या स्लाइड्स शहाण्या मुलांसारख्या रांगेत उभ्या. "याने बायकोला प्रेमपत्रसुद्धा यातच लिहिलं असणार," अशी थट्टा चाले. तोही हसून घेई. आपलं काम आपल्याला येतं याचा त्याला मनातून अभिमान होता, आणि का नसावा?

या आठवड्याची पहिली केस त्याच्या सख्ख्या मोठ्या भावाची होती. "हे काम दुसऱ्या कुणाला देऊ का?" असं मॅडमनी आपण होऊन विचारलं होतं. तो नको म्हणाला, ते वहिनीसाठी.

दादा पोटात दुखतंय म्हणून दाखल झाला आणि उजाडायच्या आत गेला. जवळ फक्त वहिनी होती. यांना घाम फुटलाय, श्वास लागतोय, असं ती वॉर्डातल्या नर्सच्या टेबलाशी पुन्हा पुन्हा जाऊन सांगत होती. "डॉक्टर येतील, तुम्ही बसा," एवढंच उत्तर मिळत होतं. घरी आईने मात्र सगळा दोष तिच्या माथी मारला. "नवरा डोळ्यांदेखत जात होता आणि ही मूग गिळून बसली," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि सुनेशी बोलणं तिने साफ टाकलं होतं. एका घरात दोघी, आणि मध्ये भिंत.

परवा वहिनीने त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "भाऊजी, तुम्ही तिथलेच आहात. माणूस काही परत येत नाही, कळतं मला. पण मी सांगत होते हो! तेवढं कुठेतरी लिहिलं जाऊ दे."

म्हणून त्याने ती ओळ घातली होती. 'श्वास लागत असल्याचे पत्नीने वॉर्डात वारंवार सांगितले.'

"वॉर्डात नोंद आहे का याची?" मॅडमनी विचारलं.

"नाही, मॅडम. नोंद केलीच नाही कुणी, तेच तर..."

"अहो, मी काय दगड आहे का? कळतंय मला." मॅडम खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसल्या. "पण नोंद नसलेली गोष्ट पडद्यावर गेली की तो कुणावर तरी आरोप होतो. त्या रात्री एका नर्सच्या गळ्यात दोन वॉर्ड होते. ती पोर आयुष्यातून उठेल. मग चौकशी लागेल आणि तुमच्या वहिनीलाच उलटसुलट विचारून हैराण करतील. चालेल तुम्हाला? काढून टाका."

त्याला खूप काही बोलायचं होतं. दोन वॉर्ड एकीच्या गळ्यात कुणी घातले, हे विचारायचं होतं. पण मॅडम वाईट नव्हत्या, म्हणत होत्या ते अगदीच खोटंही नव्हतं, आणि त्याला या नोकरीशिवाय दुसरा आधार नव्हता. तोंडातून निघालं ते एवढंच, "हो, मॅडम." मूग गिळून बसली, असं आई वहिनीला म्हणत होती; ते आता त्यालाच लागू होतं.

ओळ पुसायला त्याने बोट ठेवलं, पण ते दाबवेना. त्याच्या एडिटरात एक सोय होती. ओळीआधी टक्क्याचं चिन्ह टाकलं की ती फाइलमध्ये तशीच राही, फक्त स्लाइडवर येत नसे. लिहिणाऱ्याने स्वतःपुरतं काही टिपून ठेवावं म्हणून ती सोय. त्याने ते चिन्ह टाकलं आणि स्लाइड दाखवली.

"छान, सुटसुटीत झाली," मॅडम म्हणाल्या आणि जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. तो हात त्याला सोसवला नाही.

बैठकीत तो नेहमीसारखा मागे बसून स्लाइड्स पुढे सरकवत होता. 'पुरुष, वय बावन्न.' दादाचं सगळं आयुष्य तेवढ्यात उरकलं होतं. एका तरुण डॉक्टरने हात वर केला. "नातेवाइकांच्या काहीच लक्षात आलं नव्हतं का?"

"तशी नोंद नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

त्याच्या समोरच्या काळ्या खिडकीत ती ओळ धडधडीत दिसत होती. चिन्ह पुसायला एक बोट पुरलं असतं. तो नुसता बघत राहिला. मॅडम म्हणाल्या, "पुढची घ्या." त्याने पुढची घेतली.

घरी जाताना वाटभर त्याने खरं सांगायची तयारी केली. वहिनी दारातच उभी होती.

"लिहिलंत का, भाऊजी?"

"लिहिलंय," तो म्हणाला.

"मोठे डॉक्टर होते सगळे?"

"होते."

"काही म्हणाले?"

"नाही. कुणी काही बोललं नाही."

"म्हणजे पटलं त्यांना," वहिनी म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झाला. तो तोंड उघडणार तोवर ती आत वळलीसुद्धा. "आई, लिहिलं गेलंय. मी सांगत होते ते. सगळ्या डॉक्टरांसमोर."

आई भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडली होती. ती सावकाश या कुशीवर वळली आणि सुनेच्या खांद्यावरून धाकट्या मुलाकडे पाहिलं.

"खरं का रे?"

"हो, आई."

आईने पाय जवळ ओढून घेतले आणि पलंगावर जागा केली. "बस इथे," ती सुनेला म्हणाली.

वहिनी बसली आणि हमसून हमसून रडू लागली. आईने तिचा हात हातात घेतला. तो दारातच खाली वाकून बुटांचे बंद सोडत राहिला.