लेकीच्या घरचं

दौलतराव चौकशीला आले ते रविवारी सकाळी, आणि आईनं त्यांना पाटावर बसवून चहा दिला. त्या चहाचा मला अजून राग येतो.

साल एकोणसाठ. भिलाईचा कारखाना उभा राहत होता आणि बांधकामाच्या एका कंत्राटी कंपनीत मी टायपिस्ट होते. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. मरोद्याच्या क्वार्टरमध्ये मी आणि आई. आईला क्षय झाला होता. नव्वदपैकी एक्केचाळीस इंजेक्शनं कंपनीच्या दवाखान्यात झाली होती. खोकला उतरला होता, ती पुन्हा भाकरी थापायला लागली होती. तेवढ्यात वरून हुकूम आला की औषधांचा खर्च फार वाढला आहे. कर्मचाऱ्यावर जे खरंच अवलंबून असतील त्यांनाच फुकट उपचार, आणि ते घरोघरी जाऊन विचारायचं. मराठी घरांची चौकशी आमच्या ऑफिसातल्या दौलतरावांकडे आली. वर्ध्याकडचा माणूस, जिभेवर साखर.

"मावशी, तुमी कोनाचं खाता?" त्यांनी विचारलं.

आईनं पदर सावरला. "माहा गुलाब आहे ना हिंगणघाटले. तोच धाडते दानापानी. लेकीच्या घरचं कावून खाऊ मी?"

गुलाबराव माझा सख्खा भाऊ. चार वर्षांत त्यानं साधं पोस्टकार्ड टाकलं नव्हतं.

"आई, खोटं कावून बोलून राहिली?" मी ओरडलेच.

"तू चूप राय. पाहुण्यासमोर भावाची इज्जत काढते?"

दौलतरावांनी सगळं लिहून घेतलं, आईचा अंगठा उमटवला, आणि चहाची तारीफ करून गेले.

मंगळवारी त्यांचा अहवाल टाइप करायला माझ्याच टेबलावर आला. सहा नावं कमी केली होती, आणि सहाही नोकरी करणाऱ्या लेकींच्या आया. आपण लेकीचं खातो हे आमच्याकडची आई परक्यासमोर जीव गेला तरी कबूल करत नाही, हे त्या गृहस्थांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी कोणाला खोटं बोलायला लावलं नाही, फक्त प्रश्न बरोबर निवडला. हाच प्रश्न पुढेही विचारावा, अशी शिफारसही होती. मी निमूट टाइप केलं. माझीच मला लाज वाटली.

इंजेक्शनं बंद झाली. बाजारातून घ्यायची माझी ऐपत नव्हती. महिन्याभरात आईच्या पदराला रक्त दिसलं, तेव्हा मी तिचे पाय धरले. "एकदा साहेबासमोर खरं सांग." दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी लुगडं बदलून निघाली.

ऑफिसात दहा-बारा माणसं होती. साहेब हिंदीत विचारत, दौलतराव आईला मराठीत सांगत. आई भिंतीकडे बघत म्हणाली, "मी लेकीचं खातो जी. पोरगा काही धाडत नाही."

मागे कोणीतरी हसलं.

साहेबांनी अंगठ्याचा जुना कागद आणि आत्ता लिहून घेतलेला, दोन्ही शेजारी ठेवले. पहिला जबाब आपखुशीनं दिलेला, दुसरा फायद्यासाठी; तेव्हा पहिलाच धरायचा, असं त्यांनी ठरवलं.

"मी तं सांगून पाह्यलं, बाई," दौलतराव दारात मला म्हणाले. "पन अंगठा तिचाच आहे ना."

आई त्यानंतर पाच महिने जगली. त्या पाच महिन्यांत ताटावर बसली की भाकरीला हात लावण्याआधी ती माझ्याकडे बघायची आणि विचारायची, "घेऊ का वं, विजया?"