उजवीकडेच वळणारा जावई

दिल्लीत पंचवार्षिक योजना सुरू होऊन तिची निम्मी वर्षं सरली, पण रिठदच्या उदयसिंगची लग्नातली सायकल काही भिंतीवरून खाली उतरली नव्हती. सासऱ्याने, म्हणजे दौलतसिंगाने, मोठ्या हौसेनं दिलेली हिरवीगार सायकल. उदयसिंग ती रोज पुसायचा, घंटी वाजवून पाहायचा आणि परत खुंट्यांवर टांगायचा. बसायची हिंमत नव्हती आणि तसं सांगायची तर त्याहून नव्हती. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "टायर नवे हायेत, घासतीन."

आता बायकोने हे किती दिवस ऐकून घ्यावं? रुपाबाईचं माहेर वाशीमात. तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा खेमा दर बाजारी बायकोला सायकलवर मागं बसवून भर बाजारातून मिरवायचा, आणि रुपाबाई डोक्यावर टोपलं घेऊन पायी. एका बाजारी तिचं टाळकंच सटकलं. ती माहेरी राहिली ती राहिलीच. वर नवऱ्याला निरोप धाडला, "मले न्यायले याचं असंन तं सायकलवर या. बाजाराच्या दिवशी, नाक्यापासून आमच्या दारापर्यंत. पाय जमिनीले लागला तं आल्यापावली वापस जा."

उदयसिंगला घर खायला उठलं. खरं सांगायचं तर त्याचा बायकोवर जीव होता, फक्त तोंडाला कुलूप होतं. शेवटी सायकल खाली आली. पण शिकायचं कुठं? गल्लीत म्हाताऱ्या, रस्त्यावर बैलगाड्या, पांदणीत बाभळीचे काटे. उरलं खळं. उन्हाळ्यात रिकामं, सपाट, आणि मधोमध तिवडा, म्हणजे मळणीचे बैल ज्याच्याभोवती फिरतात तो खांब. पडलं तरी बघायला कोणी नाही, असं त्याला वाटलं. पण आई होती ना! धुरपताबाई काठी टेकत खळ्यावर आली आणि कडेला बसून राहिली.

"खळं म्हंजे लक्षुमी हाये," ती म्हणाली. "तिवडा उजव्या हातालेच राह्यला पायजे. उलटा फिरला तं घरातली बरकत जाईन, सांगून ठेवतो."

आईपुढं कोणाचं चाललंय? उदयसिंग तिवडा उजव्या हाताला ठेवून सारा उन्हाळा फिरला. पडला, गुडघे सोलले, एकदा तिवड्यालाच मिठी मारली. पण शिकला पठ्ठ्या! शिकला, पण उजवीकडे वळायला. सरळही जमायचं. डावीकडं हँडल नेलं की तो आणि सायकल दोघंही भुईवर. आणि या बावळटाला त्याचं काही वाटलंही नाही, कारण खळ्यात डावीकडं वळायची गरजच कधी पडली नाही.

बाजाराच्या दिवशी तो सायकल एका बैलगाडीत घालून वाशीमच्या नाक्यावर आला. तिथं चांदभाईचं सायकलचं दुकान. हवा भरता भरता चांदभाईनं विचारलं, "सासुरवाडी कोठी आली?"

"कापसाच्या जिनिंगापाशी. चौकातून डावीकडं..." उदयसिंग बोलला आणि मध्येच थांबला. "चांदभाई, मले डावं येत नाही!"

सगळी कथा ऐकून चांदभाई इतका हसला की पंप हातातून पडला. पण माणूस दिलदार. त्यानं काडी घेऊन धुळीत रेघा ओढल्या. "आयक. चौकातून सिद्धा निघ. मंग उजवं, मंग उजवं, अजून एक उजवं. चौकात वापस येशीन तं तोंड जिनिंगाकडंच राहीन. डाव्याचं कामच काय?"

"वा रे वा!" म्हणून उदयसिंगनं टांग मारली.

वाशीमचा बाजार म्हणजे मुंगीला वाट नाही. पहिल्या वळणावर मिरचीवाल्या बायकांनी ढीग पदरात ओढले आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुसऱ्या वळणावर एक बकरी घंटी ऐकून बांगड्यांच्या दुकानात शिरली. तिसऱ्यावर तो स्वतःच शिंकत होता, मिरची नाकात गेलेली. पण पाय टेकला नाही! चौकात परत आला तेव्हा तोंड खरंच जिनिंगाकडं होतं. आणि समोर गल्लीच्या तोंडात कडब्याची गाडी आडवी. बैल खाली बसलेले, गाडीवान त्यांच्या नावानं ठणाणा करतोय.

आता काय करावं? चौकात पिंपळाचा पार होता. उदयसिंगनं पाराला उजवा वळसा घातला. गाडी हलली नाही. दुसरा घातला. तिसरा घातला. आणि त्याच्या लक्षात आलं की एवढ्या गर्दीच्या गावात सायकल चालवायला हीच एक जागा आहे. गोल, सपाट, पार उजव्या हाताला. थेट आपलं खळंच! त्याला बरं वाटलं.

एका म्हातारीनं ते पाहिलं. माणूस घामाघूम, डोळ्यांत पाणी, पिंपळ उजव्या हाताला ठेवून फिरतोय. तिनं हात जोडले. "नवस दिसते व माय! सायकलवर बसून फेडून राह्यला बिचारा." झालं. ती मागं चालू लागली, तिच्यामागं दुसरी, मग रांगच लागली. कोणी अंगावर कुंकू उधळलं, कोणी हँडलला नारळ बांधला. शिपायानं नवसासाठी गाड्या थांबवल्या. कडब्याची गाडी केव्हाच निघून गेली, पण आता भक्तांच्या गर्दीतून बाहेर पडायला फटच नव्हती. उदयसिंगनं कळवळून घंटी वाजवली. लोकांनी पुन्हा हात जोडले.

बोंब जिनिंगापर्यंत गेली. रुपाबाई धावत आली, मागून दौलतसिंग.

"हे काय करून राह्यले तुमी?" ती ओरडली, तोवर तो पिंपळामागं गेला.

फेरा घेऊन आला. "तुलेच न्यायले आलो!" पुन्हा गेला.

"मंग घराकडं या नं! इथं काय?"

"डावं येत नाही!"

"काय येत नाही?"

यावर अख्खा चौक ओरडला, "डावं! डावं येत नाही म्हंते त्याले!"

म्हातारी मागं धावता धावता दमली होती. तिनं विचारलं, "बापू, नवस कायचा हाये सांग तं खरी!"

उदयसिंगला चक्कर येत होती, लाज तर पार संपली होती. तो जीव तोडून ओरडला, "बायको घरी याची हाये माय! करमत नाही तिच्याबिगर!"

दौलतसिंग पिंपळाची पानं निरखू लागला. रुपाबाई लाजेनं लालबुंद झाली, मग तिनं पदर खोचला आणि सरळ सायकलपुढं उभी राहून हँडल धरलं. ती, तो, सायकल आणि नारळ, सगळे मिळून गाडीतून सांडलेल्या कडब्यात पडले. उदयसिंगचे पाय वर.

"पाय लागला का?" कोणीतरी विचारलं.

दौलतसिंगानं वाकून पाहिलं. "जवाईबापूचा पाय नाही लागला," त्यानं निवाडा दिला. "बाकी सगळं लागलं."

संध्याकाळी दोघं रिठदच्या वाटेला लागले. सायकल मध्ये, एका बाजूनं तो धरून, एका बाजूनं ती.

"लय कठीण अट घातली व तू," उदयसिंग म्हणाला. "सारा उन्हाळा त्या तिवड्याभोवती फिरलो मी."

रुपाबाईनं त्याच्या केसांतलं कडब्याचं पान काढलं. "तुमी पायी आले असते तं पयल्याच बाजारी आली असती मी."

तो रस्त्यातच थांबला. "मंग सांगितलं काहून नाही?"

"सांगू कोणाले?" ती म्हणाली. "तुमी आलेच नाही."