माझ्यावर चढली म्हणून

मी एक स्टूल बोलतोय. पाठ नाही, हात नाहीत. चार पाय आणि वर एक फळी, एवढाच माझा संसार. लोक माझ्यावर चढतात आणि काम झालं की पायानंच बाजूला सारतात. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते माझ्यावर जीव घेतल्याचा आळ आला तेव्हा.

कपाट करून उरलेल्या लाकडातून सुतारानं मला बनवलं आणि कपाटाबरोबर फुकट देऊन टाकलं. फुकटची वस्तू, त्यामुळे घरात मान बेताचाच. पण सून आली आणि माझे दिवस पालटले. ती ठेंगणी. वरच्या फळीवरचे डबे, पडद्याच्या कड्या, माळ्यावरच्या बॅगा, सगळ्याला तिला मी लागायचो. दिवसभर ती चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकांवर फ्रेमा बसवायची आणि घरी आली की गुणगुणत मला इकडून तिकडे ओढायची.

मग तिला दिवस गेले. एका सकाळी माळ्यावरची बॅग काढायला ती माझ्यावर चढली आणि सुखरूप उतरली. पण त्याच आठवड्यात तिच्या पोटात दुखू लागलं, आणि दवाखान्यातून ती परत आली ती बाळ गमावून.

डॉक्टरबाईंनी समजावलं होतं, की पुष्कळदा गर्भाच्या घडणीतच काही बिघडलेलं असतं, चढण्या-उतरण्यानं असं होत नाही. पण भेटायला आलेली शेजारीण डॉक्टरबाईंपेक्षा हुशार. "हात वर केले होतेस का गं?" तिनं विचारलं. सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "यावर चढली होती." झालं! कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. मला बाल्कनीत काढलं आणि डोक्यावर कुंडी ठेवली.

माझं जाऊ द्या. पण सूनबाईचं गुणगुणणं थांबलं. कपडे वाळत घालताना मध्येच थांबून ती माझ्याकडे बघत राहायची. एकदा हळूच म्हणाली, "मी चढायलाच नको होतं." त्या दिवशी मला तोंड नसल्याचं फार दुःख झालं.

तिला पुन्हा दिवस गेले तेव्हा सगळं घर जीव मुठीत धरून वावरू लागलं. वरचे डबे जमिनीवर आले. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. सुनेनं हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, असा सासूबाईंचा हुकूम. तिचे केससुद्धा त्याच विंचरायच्या. सकाळी सून बाथरूममध्ये गेली की त्या दाराबाहेर उभ्या. सून बाहेर येऊन मान हलवायची, म्हणजे आज रक्त दिसलं नाही. मगच गॅसवर चहा चढायचा.

एका दुपारी स्वयंपाकघरातला बल्ब गेला. सुनेचा नवरा कामावर होता. सासूबाईंनी कुंडी उतरवून मला आत आणलं. उन्हापावसात माझा एक पाय खिळखिळा झाला होता, पण ते त्यांना कसं कळणार?

"आई, थांबा, मी लावते."

"तू हात वर करायचा नाहीस."

त्या चढल्या. मी जीव तोडून उभा राहिलो, पण पायानं दगा दिला. त्या मागे कलल्या, आणि सुनेनं दोन्ही हात वर करून त्यांना धरलं. सगळा भार पेलत खाली आणलं.

दोघी डब्यांच्या गर्दीत बसून राहिल्या. सुनेचा हात पोटावर होता.

"दुखतंय?"

"नाही."

थोड्या वेळानं पुन्हा, "दुखतंय का गं?"

"नाही. पण काही झालं, तर या वेळीही माझंच चुकलं असेल ना, आई?"

"माझंही एक गेलंय," त्या म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याच्या आधी. माझी सासू म्हणाली, जावेचं बाळ बघून जळलीस, म्हणून गेलं. आणि मी जळले होते गं. खरंच जळले होते. म्हणून ते मला खरं वाटलं. तुझ्या वेळी मी स्टूल तरी बाहेर काढलं. माझं मन मी कुठे नेऊन टाकणार होते?"

सुनेनं त्यांना जवळ घेतलं. मग दोघी तडक दवाखान्यात गेल्या.

संध्याकाळी सून नवऱ्याला सांगत होती, "बाळाचे ठोके नीट आहेत. पण आईंनी डॉक्टरबाईंना काय विचारलं, माहितेय? मनात वाईट आलं तर बाळ जातं का, म्हणून. त्या म्हणाल्या, नाही जात. तर आई म्हणतात, पुन्हा एकदा सांगा."

मी आता तीन पायांवर भिंतीला टेकून आहे. सुतार आधी येतो की भंगारवाला, बघू. बाळ अजून यायचंय आणि पुढचं कुणालाच ठाऊक नाही. जाता जाता एवढंच मागतो. कुणा बाईचं बाळ असं गेलं, तर तिच्याजवळ बसा, पण 'तू काय केलं होतंस?' असं तेवढं विचारू नका. आमच्या सासूबाईंना तिशीच्या आत मनात रुतलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर केस पिकल्यावर मिळालं.