चौथा मुद्दा

आशालता पेडणेकर हिचा विश्वास फक्त कुलपावर होता, आणि तोही ते ओढून पाहिल्यावर. दूधवाला पाणी घालतो, पोस्टमन पत्रं वाचून मग टाकतो, रिक्षावाला मुद्दाम लांबच्या रस्त्यानं नेतो, हे तिला पुराव्याशिवाय ठाऊक असायचं. अशा बाईनं पैसे घेऊन परक्या माणसांना आपल्या घरात झोपवायला सुरुवात केली, हेच मुळात नवल.

कल्पना मुलीची, संपदाची. संपदा बंगळूरला इंटरनेटवरून सहली विकणाऱ्या एका कंपनीत होती. दिनानाथ निवृत्त झाल्यावर नवराबायकोनं अर्नाळ्याला समुद्राकाठी घर घेतलं होतं. संपदानं त्या घराचे फोटो, दर आणि फोन नंबर एका साइटवर चढवले. न पाहिलेल्या माणसाला खोली द्यायची म्हणजे काय, म्हणून आशालता आधी फुरंगटून बसली. पण दोन हजार सातच्या दिवाळीत अंधेरीहून, ठाण्याहून, पार नाशिकहून फोन यायला लागले आणि तिची कळी खुलली.

समुद्राकडच्या दोन्ही खोल्या आणि पुढचा ओटा पाहुण्यांना दिला. शेजारची रेजिना स्वयंपाकाला यायची. कोळ्याच्या घरची बाई, बोंबील तळावेत तर तिनंच. तांदळाच्या भाकरीबरोबर ते खाऊन पाहुणे तृप्त व्हायचे आणि घरी पोचल्यावर साइटवर पाचपैकी चार-पाच चांदण्या देऊन टाकायचे. संपदा फोनवर समजावायची, आई, आता जाहिरातीला कुणी भुलत नाही, राहून गेलेला माणूस काय लिहितो ते वाचून लोक येतात. ते ऐकल्यापासून आशालता पाहुण्यांशी गोड बोलायची. मात्र गाडी वळणाआड गेली रे गेली की टॉवेल मोजायला धावायची.

मार्चमध्ये फोन थंडावले. मग एका संध्याकाळी संपदाचाच फोन आला. कुणा 'समुद्रप्रेमी'नं फक्त दोन चांदण्या दिल्या होत्या, आणि लिहिलेलं सगळ्यात वर दिसत होतं. मजकूर इंग्रजीत होता, तो ती मराठी करून सांगायला लागली. पहिला मुद्दा, जेवण उत्तम. दुसरा मुद्दा, समुद्र अगदी जवळ. तिसरा मुद्दा, घरमालकीण अतिशय संशयी असून पाहुणे गेल्यावर टॉवेल मोजते. अजून एक मुद्दा आहे, असं संपदा म्हणत होती, पण तिकडे ऐकायला कोण होतं? आशालतानं फोन आपटला होता.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. सकाळी तिनं जुन्या पाहुण्यांना एकेक करून फोन लावले. तब्येतीची चौकशी करायची आणि मध्येच विचारायचं, काय हो, तुम्हाला समुद्र फार आवडतो का? सगळ्यांनाच आवडत होता. ठाण्याच्या एका गृहस्थांनी तर पुढच्या महिन्याचं बुकिंगच मागितलं, आणि त्यामुळे तिचा त्यांच्यावरचा संशय उलट बळावला.

भाजी निवडताना तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. टॉवेल ती मोजते पाहुणे गेल्यावर, मग पाहुण्याला ते दिसेल कसं? म्हणजे लिहिणारा घरात वावरणारा. घरात वावरणारं बाहेरचं माणूस एकच, रेजिना. तिला इंग्रजी येत नाही, पण तिची भाची अमिषा कॉलेजात जाते, विरारच्या सायबर कॅफेत बसते. शिवाय रेजिनाच्या मागच्या दारी नव्या खोलीचं बांधकाम चाललेलं. मुलाच्या, जोसेफच्या लग्नासाठी म्हणे. लग्नासाठी खोली लागते, पण तिला समुद्राकडे खिडकी कशाला लागते?

दिनानाथ म्हणाले, रेजिना असलं काही करायची नाही. आशालता म्हणाली, तुम्हाला माणसं कळत नाहीत. "मी काय म्हणतो," असं त्यांनी पुन्हा सुरू केलं, तेव्हा ती म्हणाली की तुम्ही काही म्हणू नका, तुमच्या असल्या भिडस्त स्वभावापायीच लोक आपल्याला गुंडाळतात. मग ते वर्तमानपत्र घेऊन मागल्या दारी, पाण्याच्या टाकीशेजारच्या आपल्या जागेवर जाऊन बसले.

त्या शनिवारी पाहुणे होते. रेजिना खाली बसून बोंबील साफ करत होती. आशालतानं आधी आडून आडून विचारलं, बांधकाम कुठवर आलं, खोली भाड्यानं देणार का, अमिषा हल्ली कॉम्प्युटरवर काय काय करते. रेजिना सरळ उत्तरं देत राहिली, आणि तो सरळपणाच आशालताला खुपला. शेवटी तिनं तोंडावरच विचारलं, माझ्या घराची बदनामी करून तुला गिऱ्हाइकं मिळणार आहेत का?

काय झालंय ते रेजिनाला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा तिचे हात थांबले.

"आशाबाय, तुझं काय खुपलं असतं तर मी इथंच सांगितलं असतं, म्हावरं साफ करता करता. त्याला मिशिन कशाला पायजे?"

एवढंच बोलून तिनं उरलेले बोंबील साफ केले, तळले, पाहुण्यांची ताटं भरून दिली, हात धुतले आणि ती गेली. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून ती यायची, ती आली नाही. त्यानंतरही आली नाही. पाहुण्यांना आशालताच्या हातची बटाट्याची भाजी खाऊन परतावं लागलं. चोराच्या मनात चांदणं म्हणून येत नाही, असं आशालता स्वतःला बजावत राहिली, पण कुंपणापलीकडून कालवणाचा वास आला की ती उठून खिडकी लावून घ्यायची.

असे काही दिवस गेले आणि डोंबिवलीहून एका बाईचा फोन आला. दर विचारले, जेवणाचं विचारलं, मग ती अडखळली.

"आमचे सासरे बरोबर आहेत. त्यांना समुद्रासमोर बसायची फार हौस आहे. तुमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना मागे बसवतात असं वाचलं, म्हणून आधीच विचारते. राग मानू नका."

आशालता नंतर फोन करते म्हणाली आणि तिनं लगेच संपदाला फोन लावला. तो चौथा मुद्दा काय होता ते सांग, आणि शब्द न् शब्द सांग.

संपदानं साइट उघडली आणि इंग्रजीचं जसंच्या तसं मराठी करून वाचलं. "पाहुणे असताना घरातील वयस्कर गृहस्थांना मागील दारी बसवले जाते. तेथून समुद्र दिसत नाही. तरी याबाबत योग्य तो विचार व्हावा."

शेवटचं वाक्य दोघींनीही ओळखलं. विमा कंपनीत आयुष्यभर हेडक्लार्की केलेल्या दिनानाथांचं प्रत्येक पत्र याच वाक्यावर संपायचं, मग ते वरिष्ठांना असो की सोसायटीच्या सेक्रेटरीला. नातीचे फोटो बघता यावेत म्हणून मीच बाबांना ईमेल शिकवला, असं संपदा हळूच म्हणाली. पेन्शन काढायला गेले की ते कॅफेत जाऊन बसतात, हेही तिला माहीत होतं.

आशालता मागल्या दारी गेली. दिनानाथ टाकीच्या सावलीत बसले होते. ते बनियनवर असतात, खोकतात, पाहुण्यांना धरून ऑफिसच्या गोष्टी सांगत बसतात, म्हणून तिनंच त्यांना इथे बसवलं होतं. पाहुणे समुद्राचे पैसे देतात, असं तेव्हा ती म्हणाली होती. त्यांनी वाद घातला नव्हता.

"हे साइटवर लिहायला तुम्हाला कोणी शिकवलं?" तिनं विचारलं.

"बघ," दिनानाथ म्हणाले. "पहिला प्रश्न कोणी शिकवलं हाच, मी का लिहिलं हा नाही. म्हणूनच घरात बोललो नाही. माझं म्हणून तू ऐकलं नसतंस. पाहुण्याचं म्हणून तरी ऐकशील, असं वाटलं."

"आणि रेजिनाचं नाव मी घेतलं, तेव्हा का गप्प बसलात?"

"बोलायला गेलो होतो, तू बोलू दिलं नाहीस. पुन्हा धीर झाला नाही, ती चूक माझी. आज सकाळी तिच्याकडे जाऊन सगळं सांगून आलो."

"काय म्हणाली?"

दिनानाथांनी वर्तमानपत्राची घडी घातली. सांगावं की नाही, हे त्यांचं ठरत नसावं.

"म्हणाली, भाऊ, तुमच्यावर राग नाय. तुमी काय परके का? तरी तुमाला तुमच्या बायकोनंच वळखलं नाय. पन मी इतके म्हयने तिच्या चुलीपाशी बसले, तिनं एकदा माझ्या तोंडाकडं नीट बघितलं असतं तरी तिला कळलं असतं."

आशालताला रडू आलं. ते नवऱ्यासमोर आलं याची एरवी तिला लाज वाटली असती, आज वाटली नाही. पदरानं तोंड पुसून ती रेजिनाच्या घराकडे निघाली. तिथे जाऊन काय बोलायचं, ते तिला अजून ठरवता आलं नव्हतं.