उपाशी ठेवलेली जास्वंद

चिचगडहून जंगलाकडं वळलं की मुलींची एक आश्रमशाळा लागते. तिथल्या स्वयंपाकघरात भागीरथा नऊ वर्षं भात शिजवत होती. एकशे चाळीस ताटं, दोन वेळा. कोणती पोरगी जेवली नाही हे तिला कोणी सांगायची गरज नसे. जी रुसली असेल तिच्यामागं ती वरणाची वाटी घेऊन आवारभर फिरायची. सरकारी कागदात या कामाला नाव नाही, म्हणून ते काम नाही.

सोमवारी सकाळी नववीतल्या दुर्गेश्वरीनं पत्र्याच्या डब्यात लावलेली जास्वंद उचलून आणली आणि स्वयंपाकघरामागच्या कोठीत, तांदळाच्या पोत्यांआड ठेवली. कोठीला खिडकी नाही. दार लावलं की भर दिवसा स्वतःचा हात दिसत नाही.

"हे काऊन इथं ठेवून राह्यली वो?" भागीरथानं विचारलं.

"दोन दिवस अंधारात ठेवाचं आहे, माय. प्रयोग आहे. बुधवारी प्रकल्प आफिसातला साहेब येनार आहे पाहाले. त्याले पटला त मी गोंदियाले जाईन, विज्ञान प्रदर्शनात!"

"मंग अंधार कायले?"

"झाड उनात आपलं जेवन बनवते आन् पानात ठेवते. दोन दिवस ऊन नाही भेटलं का ठेवलेलं सारं सरते, झाड उपाशी होते. मंग एका पानावर काळ्या कागदाची पट्टी लावाची आन् झाड उनात ठेवाचं. जिथं ऊन लागलं तिथंच जेवन बनते, पट्टीखाली नाही बनत. थेच दाखवाचं आहे. समजलं का?"

"समजलं," भागीरथा म्हणाली.

तिला समजलं ते एवढंच, की एका जिवाला दोन दिवस उपाशी कोंडायचं आहे. तिच्या सासरी रीत होती. घराला कडी लावायच्या आधी आत कोण राहिलं ते बघायचं. कोंबडी असो, बकरीचं पिलू असो, आधी त्याच्यापुढं दाणापाणी, मग कडी. आणि झाड म्हणजे जीव नाही असं तिला आजवर कोणी शिकवलं नव्हतं. मोहाचं पहिलं फूल उचलायच्या आधी ती झाडाला हात जोडणारी बाई.

पोरी वर्गात गेल्या तशी तिनं जास्वंद बाहेर काढली, भांडी घासायच्या दगडाशेजारी उन्हात ठेवली, वर तांब्याभर पाणी घातलं. घंटा व्हायच्या आत परत कोठीत. मंगळवारीही तेच. अंधार काय, रात्रभर आहेच की, असा तिचा हिशोब.

दुर्गेश्वरीनं गोंदिया पाहिलं नव्हतं. पण गोष्ट गोंदियाची नव्हती. रंजिता मॅडम या वर्षी आली, त्याआधी दोन वर्षं या शाळेत विज्ञानाचा तास म्हणजे मैदान झाडायचा तास होता. शिकवायला माणूसच नव्हता आणि त्याची कोणाला लाजही नव्हती. या पोरीला पहिल्यांदा काहीतरी स्वतःच्या हातानं सिद्ध करून दाखवायचं होतं.

बुधवारी तिनं सकाळीच पानावर पट्टी लावून झाड उन्हात ठेवलं. साहेब दोनला आला. आधी खाल्लं, मग "चला, दाखवा" म्हणाला. दुर्गेश्वरीनं पान तोडलं, पट्टी काढली, पान उकळलं. मग स्पिरिटची वाटी गरम पाण्यात धरून त्यात पानाचा हिरवा रंग उतरवला. पान जुन्या धोतरासारखं पांढुरकं झालं. त्यावर आयोडीन टाकलं. जिथं पानानं अन्न बनवलं तिथं काळंनिळं व्हायचं, पट्टीखालचा भाग तसाच फिका राहायचा.

पान अख्खं काळं झालं. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

साहेब हसला. "मॅडम, कशाला या भानगडी? नाच बसवा एखादा. या पोरींचा नाच चांगला होतो."

रंजिता मॅडमचा चेहरा उतरला. दुर्गेश्वरी मात्र पानाकडंच बघत होती.

"पट्टी बराबर होती जी," ती सावकाश म्हणाली. "झाड अंधारात नव्हतं. पट्टीखालीही जेवन आहे, म्हंजे आधीचं सरलंच नाही. कोनीतरी त्याले ऊन दिलं."

"कोणी?" साहेबानं विचारलं.

भागीरथा दारात चहाचे कप घेऊन उभी होती. गप्प राहिली असती तर कोणाला कळलं नसतं. तिचं काम वर्षावर्षाच्या बोलीवर चालत होतं आणि साहेबाची सही कुठं कुठं लागते हे तिला ठाऊक होतं.

"म्या काढली जी बाहेर. दोनी दिवस."

"तुला सांगितलं नव्हतं?"

"सांगतलं होतं. उपाशी ठेवाचं आहे म्हनून सांगतलं होतं. माह्यानं नाही झालं."

"सर, मुलीनं नुसतं पान बघून चूक शोधली," रंजिता मॅडम म्हणाली. "आणखी काय हवं? फक्त तीन दिवस द्या."

"यादी आज जाते." साहेबानं कागदावर 'निष्कर्ष मिळाला नाही' असं लिहिलं आणि गाडीत बसला. निष्कर्ष त्याच्या नाकासमोर ओला पडला होता. पण तो एका आदिवासी पोरीच्या तोंडून आला होता ना.

"समजलं म्हनली होतीस तू!" दुर्गेश्वरी ओरडली. त्या संध्याकाळी पोरगी जेवली नाही. भागीरथा वाटी घेऊन तिच्यामागं गेली नाही. कोणत्या तोंडानं जाणार?

दुसऱ्या दिवशी दुर्गेश्वरीनं जास्वंद पुन्हा कोठीत नेली.

"आता त कोनी येनार नाही, बाई," भागीरथा म्हणाली.

"मले पाहाचं आहे."

दोन दिवस भागीरथानं त्या बंद दाराशेजारी भात शिजवला. तांदूळ काढायला आत जावं लागे. ती डोळे खाली घालून जाई आणि दार ओढून घेई. एवढं जड काम तिनं नऊ वर्षांत केलं नव्हतं.

शनिवारी पानावर पुन्हा पट्टी लागली, झाड दुपारपर्यंत उन्हात राहिलं. पाणी भागीरथानंच चुलीवर तापवलं. आयोडीन पडलं आणि काळ्यानिळ्या पानाच्या मधोमध एक फिकी पट्टी उमटली, सुरीनं कापल्यासारखी सरळ. पोरींचा गलका झाला.

"एवढा भाग उपाशी, माय. बाकीच्यानं उनाचं जेवन बनवलं."

भागीरथानं पातेल्यातलं भाताचं एक शीत उचललं आणि पोरीपुढं धरलं. "याच्यावर टाक."

शीत काळंनिळं झालं.

"हेबी उनाचंच?"

"हो. धानाच्या पानानं बनवलं, दान्यात भरून ठेवलं."

भागीरथानं ते शीत उचलून पानाशेजारी ठेवलं. मग तिनं दुर्गेश्वरीला वहीत लिहिताना पाहिलं.

"काय लिहून राह्यली?"

"पयला प्रयोग काऊन फसला थे. मॅडम म्हनते, चूक लपवाची नाही, कारन लिहाचं. तुहं नाव लिहू का?"

"लिही," भागीरथा म्हणाली. "झाडाले उपाशी पाहावलं नाही, हेबी लिही."

दुर्गेश्वरीनं थोडा विचार केला आणि तेही लिहिलं.