अर्थ घरी आल्यावर

हेमराजला खूळ होतं जुन्या इंग्रजी शब्दांचं. खुद्द इंग्रजांनी टाकून दिलेले शब्द हा पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमधला धुलाई खात्याचा माणूस मोबाइलवर वेचत बसायचा, कटपीस गोळा करावेत तसा. रोज चहाच्या सुट्टीत बायकोला, उज्ज्वलाला, एक शब्द पाठवायचा. समोर जे असेल त्यावरचाच. एकदा कोणीतरी आशाळभूतासारखं त्याच्या डब्याकडे टक लावून बसलं, तर आला 'ग्रोक'. रजा मंजूर झाली त्या दिवशी 'ओव्हरमॉरो', म्हणजे आपला साधा परवा! अर्थ मात्र तो घरी आल्यावर सांगणार, तिने मोबाइलवर शोधायचा नाही. लग्नापासूनचा नेम. कुणाला वेडेपणा वाटेल, वाटू दे. परमुलखात, नवागामच्या एका खोलीत सासूसमोर नवराबायकोने बोलायचं तरी काय हो?

त्या सकाळी थंडी होती. शब्द आला, 'एप्रिसिटी'. थोड्याच वेळात शेजारच्या शांताबाई धावत आल्या, मिलला आग लागली म्हणून.

उज्ज्वला सासूला घेऊन रिक्षाने मिलच्या फाटकाशी पोचली, तर धुरात इमारत दिसेना. तिने फोन लावला. रिंग जात होती, उचलत कोणी नव्हतं.

हेमराजच्याच खात्यातला प्रवीण भेटला, तोंडाला काजळी. "वहिनी, घाबरू नका. तो चहाच्या सुट्टीत आधीच बाहेर पडला होता. इथेच असेल कुठेतरी."

बंबवाल्यांनाही त्याने हेच सांगितलं होतं. म्हणजे आत हेमराजला शोधतच कोणी नव्हतं! आणि बाहेर तर तो टपरीवर नाही, रस्त्यावर नाही, कुठेच नाही.

सासूने, शोभाबाईने, तिचा दंड धरला. "सकाये त्यानं काय धाडं व्हतं तुले? देख ना माय, काय लिखेल शे!"

"नाही आई. अर्थ ते घरी येऊन सांगतात."

"आनि तो उनाच नही त?"

तेच तर! अर्थ आपणच बघितला, तर तो सांगायला येणार नाही हे आपणच कबूल केलं. मोबाइल तिने ओढणीत गुंडाळून छातीशी धरला. एक रुग्णवाहिका गेली, दुसरी आली, ही तशीच उभी. अगं बाई, बघ ना एकदाचं! पण भीतीपुढे अक्कल टिकते थोडीच.

शेवटी शोभाबाई ओरडली, "मना पोऱ्यानी आन शे तुले!"

नवऱ्याचीच शपथ पडली. तेव्हा कुठे तिने शब्द शोधला. एप्रिसिटी, म्हणजे हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब.

पाण्यात उभं राहून पाय गारठतात, ही त्याची रोजची कुरकुर. आणि शब्द समोर असेल त्यावरचाच. मग मिलमध्ये ऊन मिळतं कुठे?

"छत पर!" ती किंचाळत बंबवाल्यांकडे धावली. "मेरा आदमी छत पर है!"

मागच्या बाजूने शिडी लागली. पाण्याच्या टाकीआड हेमराज बेशुद्ध सापडला. पाय अनवाणी होते, आणि गमबूट शेजारी वाळत ठेवलेले.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात त्याने डोळे उघडले. "छातीत धूर फार गेलाय," डॉक्टर म्हणाले. "जागं ठेवा, बोलत राहा." पण पापण्या पुन्हा मिटायला लागल्या. आपण नेम मोडला, आता हे जातात, असं उज्ज्वलाला वाटलं. ती त्याच्या कानाशी वाकली आणि धडधडीत खोटं बोलली.

"अहो, कालचा शब्द राहिलाय. मी अर्थ नाही बघितला, देवाशप्पथ. तुम्हीच सांगायचा."

शोभाबाईने तोंडात पदर कोंबला.

ऑक्सिजनच्या मास्कखाली त्याचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. मग त्याचं बोट हळूहळू चादरीवरून सरकलं आणि खिडकीतून आलेल्या उन्हावर जाऊन थांबलं.

"नाही कळलं," उज्ज्वला म्हणाली. "घरी चला आणि नीट सांगा."